मदत हवी आहे: बॅकअप ३७ टक्क्यांवर अडतो, आणि मी एक घोळ करून बसले आहे

आगरातली

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यातून लिहिते आहे. घर समुद्रापासून पाच मिनिटांवर.

घरात एक डेस्कटॉप आहे, २०१७ मध्ये चिपळूणला जुळवून घेतलेला. आय३, ८ जीबी रॅम, १ टीबीची साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. त्यावर आंब्याचा हिशेब आहे (कुणाला किती पेट्या, कुणाची बाकी), दोन खोल्या पर्यटकांना देतो त्याच्या नोंदी आहेत, सातबाऱ्याचे स्कॅन आहेत. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे सासऱ्यांनी जमवलेली नमनाची, म्हणजे आपल्या कोकणातल्या लोकनाट्याची, चित्रीकरणं. बाबा (सासरे) तरुणपणी खेळ्यांत, म्हणजे नमन करणाऱ्यांत, मृदंगावर असायचे. व्हीएचएस कॅसेट होत्या, त्या नवऱ्याने २०१८ मध्ये संगणकावर उतरवल्या. कॅसेटना बुरशी धरली होती म्हणून नंतर टाकून दिल्या. म्हणजे आता जे काही आहे ते या डब्यातच.

बॅकअपसाठी २ टीबीची बाहेरची डिस्क आहे. विंडोजमधल्याच जुन्या ‘बॅकअप अँड रिस्टोअर’मधून महिन्याला एकदा बॅकअप घेते, ‘सिस्टीम इमेज’ला (विंडोजसकट आख्ख्या डिस्कची नक्कल) टिक करून. गणपतीच्या धामधुमीत लक्ष नव्हतं. दिवाळीत पाहिलं तर शेवटचा पूर्ण झालेला बॅकअप ऑगस्टमधला. आता दर वेळी ३७ टक्क्यांच्या आसपास थांबतो आणि ०एक्स८००७००१७ असा आकडा येतो. खाली लिहिलेलं असतं ‘डेटा एरर, सायक्लिक रिडन्डन्सी चेक’.

केबल बदलली, मागच्या पोर्टला लावून पाहिलं. तेच. वेगळी तऱ्हा म्हणून नमनाची एक फाइल, ५.६ जीबीची, ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाकायला गेले. पेनड्राइव्हमध्ये २२ जीबी जागा मोकळी असताना ‘फाइल फार मोठी आहे’ म्हणतो!

आता घोळ. मला वाटलं, बाहेरची डिस्कच बिघडली. म्हणून ती फॉरमॅट केली. ऑगस्टचा बॅकअप तिच्यावरच होता हे फॉरमॅट झाल्यावर सुचलं. हसू नका. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

कोकमसोडा

विंडोज १० चे फुकट अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, ताई. आता असले प्रकार होणारच. ११ टाकून घ्या. तोपर्यंत चेकडिस्क (विंडोजमधलंच डिस्क तपासायचं साधन) स्लॅश आर मारून बघा, माझं तर बऱ्याचदा त्यानेच भागतं.

घुमट्याचा_घो

गे बाय माझे, चेकडिस्क आत्ताच मारू नको हां. आदी जा काय निघता ता भायर काढून घे, मगे डिस्क तपासूक बस. माझ्या मेवण्यान उलटा केल्यान आणि लग्नाचे फोटो गेले. तेची बायल अजून बोलता.

खारावारा

समुद्राजवळ राहता ना? मग पहिला संशय खाऱ्या हवेवर. आमच्याकडे यूएसबीच्या पिना दोन पावसाळ्यांत हिरव्या पडतात. कॅबिनेट उघडून रॅमच्या पट्ट्या खोडरबराने पुसा, साटा केबल (आतल्या डिस्कची) काढून परत घट्ट बसवा. निम्मे आजार तिथेच जातात.

वायरमन_दापोली

ताई, आधी एक करा. तो संगणक आत्ता बंद करा आणि हे मोबाइलवर वाचा.

तुमच्याकडे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत गुंतलेत. पेनड्राइव्हचा आधी मोकळा करतो, कारण तो प्रश्नच नाही. ३२ जीबीचे पेनड्राइव्ह बहुतेक वेळा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले येतात. त्या पद्धतीत एका फाइलचा आकार जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ बाइट, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. जागा कितीही मोकळी असो, ५.६ जीबीची फाइल त्यात शिरणार नाही. तोच पेनड्राइव्ह एक्सफॅट केला तर शिरेल. तो विषय संपला.

खरी गोष्ट पहिल्या आकड्यात आहे. ०एक्स८००७००१७ मधला शेवटचा १७ हा दहाऐवजी सोळावर चालणाऱ्या मोजणीतला (हेक्स) आहे, आपल्या मोजणीत २३. विंडोजच्या यादीत २३ म्हणजे सीआरसी एरर. डिस्कवरून तुकडा वाचला, पण त्याची पडताळणीची बेरीज जुळली नाही. सिस्टीम इमेज डिस्क तुकड्यातुकड्याने वाचत जाते, त्यामुळे एक तुकडा नडला तरी सगळा डाव मोडते. तुमचा बॅकअप दर वेळी साधारण एकाच जागी अडतोय. केबल सैल असती तर कधी १२ टक्क्यांवर अडला असता, कधी ८० वर. म्हणून माझा संशय आतल्या डिस्कवर आहे. बाहेरचीला तुम्ही उगाच शिक्षा दिलीत.

आणि ती बाहेरची डिस्क आता कशालाही लावू नका. साधं क्विक फॉरमॅट केलं असेल तर त्यात फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर तिथेच राहतो. फॉरमॅटनंतर किती वेळा बॅकअप लावलात?

कोकमसोडा, राग मानू नका, पण विंडोजचे अपडेट बंद झाल्याने डिस्कवरचा तुकडा वाचता येईनासा होत नाही. शिवाय २०१७ चा आय३ बहुधा सातव्या पिढीचा असणार. त्याच्यावर ११ अधिकृतपणे बसतच नाही, आठवीपासून पुढे लागतं.

आगरातली

दोनदा लावला. म्हणजे त्याच्यावर काहीतरी लिहिलं गेलंय. आता कपाटात ठेवली.

वायरमन_दापोली

ठीक. सगळं नाही, पण बरंच काही अजून खाली असू शकतं. तो आपला शेवटचा आधार, इतक्यात हात लावायचा नाही. कुणाची तरी दुसरी डिस्क उसनी आणा किंवा नवी घ्या. मग संगणक चालू करून क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरूनच चालवा. त्यात ०५, सी५ आणि सी७ या तीन ओळींपुढचे शेवटच्या रकान्यातले आकडे इथे टाका.

आगरातली

डिस्क चुलत दिरांकडून आणली. त्यांनाही खरं कारण सांगितलं नाही.

वर पिवळ्या चौकोनात ‘कॉशन’ लिहून आलंय. ०५ पुढे सगळी शून्यं. सी७ पुढे सगळी शून्यं. सी५ पुढे शून्यांनंतर १८.

वायरमन_दापोली

हे सॉफ्टवेअर मुळात त्याच सोळाच्या मोजणीत दाखवतं, तेव्हा १८ म्हणजे २४. सी५ म्हणजे डिस्कला वाचता न आलेले, पण अजून निकालात न काढलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे तुकडे. सी७ केबलचा दोष मोजतो. तो शून्य आहे, म्हणजे खारावारा यांचा खोडरबर या वेळी खिशातच राहू दे.

२४ ऐकून घाबरू नका. आजच्या डिस्क आतून ४ केबीच्या सेक्टरने चालतात आणि बाहेर मोजताना ५१२ बाइटच्या हिशेबाने सांगतात. आठाचा एक. म्हणजे खरे नासलेले तुकडे तीनच असावेत. एवढ्या डिस्कवर ४ केबीचे तीन तुकडे. पण ते नेमके कुठे पडलेत ते महत्त्वाचं.

आता क्रम असा. बॅकअपचं सॉफ्टवेअर विसरा, साधी नक्कल काढायची. आधी हिशेब आणि स्कॅन, ते लहान असतात, मग फोटो, मग नमन. हे रोबोकॉपीने करा, विंडोजमध्येच असतं. काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) रोबोकॉपी, मग कुठून, मग कुठे, आणि शेवटी स्लॅश ई, स्लॅश आर कोलन १, स्लॅश डब्ल्यू कोलन १, स्लॅश लॉग कोलन आणि यादीच्या फाइलचं नाव. टाइप अर्थात इंग्रजीतच. आर आणि डब्ल्यू विसरलात तर पस्तावाल. न वाचणाऱ्या फाइलवर रोबोकॉपी मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करतो, दोन प्रयत्नांमध्ये ३० सेकंद थांबून. तुमच्या नातवंडांच्या शिमग्यापर्यंत चालेल. एकदाच पुन्हा प्रयत्न, एक सेकंद थांबा, पुढे चला. जे राहिलं ते यादीत दिसेल.

उपरा_पुणेकर

चेकडिस्क आधी का नको? ते दुरुस्तच तर करतं ना?

वायरमन_दापोली

ते फाइल सिस्टीम दुरुस्त करतं, तुमची फाइल नव्हे. त्याच्या दृष्टीने रचना धड झाली की काम झालं, मग एखादी फाइल छाटली गेली तरी चालेल. आणि स्लॅश आर दिलं की आजारी डिस्कचा कानाकोपरा तास न् तास घासत बसतं. दमेकऱ्याला तपासणीसाठी घाट चढायला लावण्यातला प्रकार. नक्कल हातात आली की खुशाल मारा.

आगरातली

झालं! रात्री लावलं, पहाटे संपलं होतं. साधारण ६४० जीबी. यादीत फक्त दोन फाइली राहिल्या. एक ब्राउझरच्या कुठल्याशा तात्पुरत्या फोल्डरमधली, ती गेली तरी चालेल. दुसरी तीच, ५.६ जीबीची. आमच्या वाडीचं पूर्ण नमन, दोन तासांचं, एका फाइलमध्ये. बाबा त्यातच मृदंगावर आहेत.

नवऱ्याला सांगितलं शेवटी. तो म्हणाला, कॅसेट टाकायचा शहाणपणा माझा होता, तेव्हा तुझी-माझी फिट्टमफाट.

वायरमन_दापोली

तीसुद्धा निघेल. विंडोज प्लेयर किंवा साधी कॉपी पहिल्या वाईट तुकड्यापाशी फाइल सोडून देते. डीडीरेस्क्यू नावाचं लिनक्सवरचं फुकट सॉफ्टवेअर तसं करत नाही. आधी जे सुखासुखी वाचता येतं ते सगळं उचलतं, मग मागे येऊन अवघड जागा पुन्हा पुन्हा वाचून बघतं, आणि कुठे काय राहिलं ते एका मॅपफाइलमध्ये लिहून ठेवतं. मध्येच लाईट गेली तरी तिथूनच पुढे सुरू होतं, आपल्याकडे हे लाखमोलाचं. लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लागेल, म्हणजे संगणक विंडोजऐवजी त्या पेनड्राइव्हवरूनच सुरू होतो. विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून शट डाउन करा, नाहीतर ते अर्धवट झोपतं. लिनक्समध्ये जुनी डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडा. आज्ञेच्या ओळी तुम्हाला व्यक्तिगत निरोपात टाकतो, इथे एक अक्षर चुकलं तर उगाच कुणाची तरी डिस्क जायची.

वाशिष्ठीकाठी

सगळं मिळालं की एक नक्कल घराबाहेर पाठवा, कळकळीने सांगते. २२ जुलै २०२१ ला आमच्याकडे पाणी माळ्यापर्यंत आलं. संगणक आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलावर. बॅकअप अगदी वेळच्या वेळी घेत होतो हो, काही उपयोग झाला नाही.

खारावारा

+१. आणि डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून. पापड ठेवता तशी.

आगरातली

उशिरा लिहिते आहे, मध्ये पाहुणे होते.

डीडीरेस्क्यूने ८,१९२ बाइट सोडून बाकी सगळी फाइल काढली. म्हणजे ४ केबीचे दोन तुकडे गेले, तिसरा त्या ब्राउझरवाल्या फाइलमधला. तुमचा हिशेब बरोब्बर. दोन ठिकाणी अर्धा-अर्धा सेकंद चित्राचे चौकोन होतात आणि पुढे नीट चालतं.

नवी १ टीबीची एसएसडी बसवली, दिरांची डिस्क परत केली, एक नक्कल पुण्याला नणंदेकडे गेली. कपाटातली डिस्क अजून तशीच आहे. ऑगस्टच्या बॅकअपमध्ये ते दोन तुकडे कदाचित धड असतील, पण आता तेवढ्यासाठी खटाटोप करावा का?

कारण काय झालं, बाबांना ते नमन लावून दाखवलं. संकासुर (नमनातलं सोंग) येतो तिथे चित्र फाटलं. मी सांगायला तोंड उघडणार तोच म्हणाले, “बगितलंस? तितंच लाईट गेलेली तवा.”

घुमट्याचा_घो

कपाटातली डिस्क र्‍हवांदे कपाटातच.

वायरमन_दापोली

बाबांचं निदान अगदीच चुकीचं नाही. डिस्क लिहीत असताना वीज गेली तर तुकडा अर्धवट लिहिला जातो, बेरीज जुळत नाही आणि तो सी५ मध्ये जाऊन बसतो. तुमचं तसंच झालं असं छातीठोक नाही सांगता येणार, पण इन्व्हर्टर असून लाईट गेल्यावर संगणक रीस्टार्ट होतो का? इन्व्हर्टरवर एक बटण असतं, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. यूपीएसवर असेल तर बदल इतक्या झटकन होतो की संगणकाला कळत नाही. दुसऱ्या बाजूला असेल तर पंखा चालू राहतो, संगणक पडतो. बघून सांगा.

आगरातली

बघितलं. इकोवर. बसवल्यापासून.