सफरचंद की टोमॅटो सॉस? लायकोपीनचा दाखला किती खरा?

परखड
‘टोमॅटो सॉसचा एक चमचा सफरचंदापेक्षा गुणकारी असतो, कारण शिजवलेल्या टोमॅटोतून लायकोपीन (टोमॅटोला लाल रंग देणारे द्रव्य) भरपूर मिळते आणि सफरचंदात ते नसते’, असे सत्यान्वेषी यांनी लिहिले आणि अनेकांनी त्याला मान डोलावली. हे वाचून स्वस्थ बसवत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

बाटलीतल्या गोड सॉसच्या १०० ग्रॅममध्ये साखर २० ग्रॅमच्या वर असते, सोडियम (मिठातला घटक) सुमारे ९०० मिलिग्रॅम असते आणि तंतू जेमतेम ०.३ ग्रॅम. तेवढ्याच सफरचंदात साखर १० ग्रॅमच्या आसपास, तंतू २.४ ग्रॅम आणि सोडियम नावापुरते. शिवाय सफरचंदाची साखर फळाच्या पेशींमध्ये बंदिस्त असते, ती चावून खावी लागते. सॉसमधली बहुतेक साखर वरून घातलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली ज्या साखरेवर मर्यादा घालायला सांगितले ती ही वरून घातलेली साखर होय, अख्ख्या फळातली नव्हे. एका घटकाकडे बोट दाखवून बाकीचे सगळे झाकणे याला पोषणविचार म्हणता येत नाही.

सत्यान्वेषी
आपण १०० ग्रॅमचे आकडे देऊन वाचकांना घाबरवत आहात. १०० ग्रॅम सॉस एका वेळी कोण खातो? चमचा १५ ग्रॅमचा धरला तर त्यात साखर साडेतीन ग्रॅमच्या आतबाहेर येते, म्हणजे मध्यम आकाराच्या एका सफरचंदातल्या साखरेपेक्षा पुष्कळच कमी. आणि सफरचंदाचे एवढे गुणगान करताना त्यातले क जीवनसत्त्व सांगायचे आपण सोयीस्करपणे टाळलेत. ते १०० ग्रॅममागे ५ मिलिग्रॅमही भरत नाही, म्हणजे जवळजवळ सॉसइतकेच. पोटॅशियम तर वजनास वजन धरल्यास सॉसमध्येच जास्त आहे.

राहिला लायकोपीनचा प्रश्न. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ताज्या टोमॅटोपेक्षा टोमॅटो पेस्टमधून रक्तात पोहोचलेल्या लायकोपीनची कमाल पातळी अडीच पट भरली होती. १९९५ साली अमेरिकेत सुमारे ४७ हजार पुरुषांच्या आहाराच्या पाहणीत टोमॅटो सॉस वरचेवर खाणाऱ्यांमध्ये प्रोस्टेट कर्करोगाचे प्रमाण कमी आढळले. हे सगळे आपण नाकारणार आहात का?

अन्नरसायन
दोघांच्याही म्हणण्यात एक गोष्ट निसटते आहे. उष्णतेने टोमॅटोच्या पेशीभित्ती फुटतात, लायकोपीन मोकळे होते, त्याच्या रेणूची रचना काही अंशी बदलते आणि सोबत तेल असेल तर ते आतड्यात चांगले शोषले जाते. हे निर्विवाद आहे. परंतु १९९७ च्या त्या प्रयोगात केवळ पाच निरोगी माणसे होती, त्यांना २३ मिलिग्रॅम लायकोपीन एकदाच देण्यात आले होते आणि तेही मक्याच्या तेलासोबत. एवढे लायकोपीन गोड सॉसमधून मिळवायचे तर दीडशे ग्रॅमच्या आसपास, कदाचित त्याहूनही अधिक सॉस खावा लागेल आणि त्याबरोबर ३० ग्रॅम साखर व हजाराहून अधिक मिलिग्रॅम सोडियम पोटात जाईल. चमच्याचा हिशेब मांडायचा तर लायकोपीनही चमच्यापुरतेच मोजले पाहिजे. ते साधारण दोन मिलिग्रॅम भरते.

१९९५ ची पाहणी निरीक्षणात्मक होती, तिच्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. २००५ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही टोमॅटो आणि प्रोस्टेट कर्करोगाविषयीचा पुरावा अत्यंत मर्यादित आणि प्राथमिक असल्याचेच म्हटले होते.

मनवा
आकड्यांच्या या भांडणात घरातली आई कुणाला दिसत नाही. माझा मुलगा कित्येक महिने एकाही भाजीला तोंड लावत नव्हता. सॉस दिला तेव्हा कुठे तो गाजर आणि वाटाणे खाऊ लागला. त्या सॉसमधली साखर मोजत बसले असते, तर तेही त्याच्या पोटात गेले नसते. सॉस देणारी आई निष्काळजी असते असा सूर परखड यांच्या लिखाणातून येतो, तो मला अतिशय लागला.

परखड
मनवाताई, आपल्याला निष्काळजी म्हणण्याचा माझा हेतू नव्हता आणि नाही. पण आपण म्हणता तीच गोष्ट मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. ज्याला भाजी सॉसबरोबरच आवडू लागते, त्याला सॉसशिवायची भाजी पुढे बेचव वाटते आणि चमच्याचे दोन, दोनाचे चार चमचे कधी होतात ते घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या वडिलांचा रक्तदाब वाढला तेव्हा आम्ही त्यांच्या प्रत्येक पदार्थातले मीठ कमी केले. सॉसची बाटली मात्र ‘टोमॅटोच तर आहे’ म्हणून टेबलावर तशीच राहिली. ते रोज चार-पाच चमचे खात होते, म्हणजे दिवसभराच्या २००० मिलिग्रॅम सोडियमच्या मर्यादेतला तिसरा हिस्सा त्या बाटलीतूनच जात होता. म्हणून सत्यान्वेषींचे ‘एक चमचा’ हे गृहीतक मला अजिबात मान्य नाही.

सत्यान्वेषी
एका घरातल्या अनुभवावरून सगळ्यांना धारेवर धरू नये. तरीही, बाटलीतला गोड सॉस आणि प्रयोगातली टोमॅटो पेस्ट यांत मी फरक केला नव्हता, एवढा मुद्दा अन्नरसायन यांच्या पदरात टाकतो. त्याहून अधिक नाही. लायकोपीन सफरचंदात नाही, ही वस्तुस्थिती कोणीही खोडून काढलेली नाही.

परखड
ती कोणी नाकारलीच नव्हती. सफरचंद लायकोपीनसाठी खाल्ले जात नाही. १९७७ साली अख्खे सफरचंद, त्याचा लगदा आणि त्याचा रस यांची तुलना झाली, तेव्हा साखर तितकीच असूनही पोट सर्वाधिक भरले ते अख्ख्या फळाने आणि रस आणि लगदा यांनी इन्सुलिन अख्ख्या फळापेक्षा जास्त वाढले. फळाचा हा गुण कोणत्याही सॉसच्या चमच्यात उतरत नाही. लायकोपीनच हवे असेल तर कलिंगडात आणि लाल गराच्या पेरूमध्ये ते आहे, आणि त्यासाठी मीठ-साखर घालावी लागत नाही.

मनवा
मग मी मुलाचा सॉस उद्यापासून बंद करू का, एवढेच सांगा.

अन्नरसायन
एकदम बंद करू नका, तो भाजीही सोडून देईल. टोमॅटो थोड्या तेलात मऊ शिजवा, साल-बियांसकट वाटा, साखर घालू नका, मीठ चिमूटभर घाला आणि बाटलीतल्या सॉसमध्ये ही चटणी निम्मी मिसळून द्या. तो कुरकुर करेनासा झाला की बाटलीतल्या सॉसचा वाटा हळूहळू घटवत न्या. फळ मात्र वेगळे आणि अख्खेच द्या. सॉस खाल्ला म्हणून ते वगळू नका.