पावलं वाढली पण फोन काही सुटेना

मंडळी, एक प्रॉब्लेम आहे. महिन्यापूर्वी ठरवलं फोन कमी करायचा, म्हणून रोज ८००० पावलांचं टार्गेट घेतलं, हिशोब असा की तेवढा वेळ तरी फोन हातात नसेल. पावलं होतायत, पण स्क्रीन टाइम साडेपाच तासांवरून पाचवर आलाय फक्त. कारण चालताना पण रील्स चालू, आणि मध्येच पावलं किती झाली बघायला फोन काढतो, काढला की नोटिफिकेशन दिसतं आणि मग झालंच कल्याण. कोणाला जमलंय का हे? स्मार्टवॉच घ्यावं का?

भटक्या
घड्याळ नको घेऊस, आणखी एक स्क्रीन वाढेल. फोन लॉक करून खिशात ठेवला तरी आतला सेन्सर पावलं मोजतोच, ॲप उघडं ठेवायची गरज नसते. होम स्क्रीनवरचं विजेट उडव आणि आकडा रात्री एकदाच बघ.

निवांत
मी अदलाबदलीचा नियम केला होता. आधी १००० पावलं, मग १० मिनिटं रील्स. मिनिटाला साधारण १०० पावलं पडतात, म्हणजे दहा मिनिटं चाललो की दहा मिनिटं मिळाली, हिशोब सोपा. पहिला आठवडा मस्त गेला, नंतर मी सोफ्यावर बसून फोन हलवत पावलं "कमवायला" लागलो (हसू नका). शेवटी आयफोनच्या 'स्क्रीन टाइम' सेटिंगला (ॲप किती वेळ चालेल याची मर्यादा घालता येते ती) बहिणीकडून पासकोड टाकून घेतला, तो मला माहीतच नाही. त्यानंतर खरा फरक पडला.

चिकित्सक
आकड्याचं एवढं टेन्शन घेऊच नकोस. ते प्रसिद्ध १०,००० पावलांचं टार्गेट पण १९६५ च्या सुमारास जपानमध्ये 'मानपो-केई' नावाचं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं तिथून आलंय, नावाचा अर्थच दहा हजार पावलांचं मीटर. २०१९ मध्ये वयस्कर बायकांवर एक अभ्यास झाला, सरासरी वय ७२, त्यात साधारण ७५०० च्या पुढे फायदा फारसा वाढताना दिसला नाही. तुझं वय वेगळं असेल, पण मुद्दा कळला ना, आकडा दहादा बघण्याइतका पवित्र नाहीये.

रातकिडा
सगळे चालण्याबद्दल बोलतायत, पण तू स्क्रोल कधी करतोस ते सांग ना. ८००० पावलं म्हणजे जेमतेम ऐंशी मिनिटं, त्याने पाच तास कसे कमी होतील? माझं सगळं स्क्रोलिंग रात्री दहा ते बारा असायचं आणि मी चालायचो सकाळी, मग काय घंटा फरक पडणार. अर्धं चालणं रात्री जेवणानंतर ढकललं, फोन घरी ठेवून. परत आल्यावर झोपच येते सरळ.

धागाकर्ता
बघितलं, माझं पण रात्रीचंच आहे, साडेनऊ ते साडेअकरा. पण फोन घरी ठेवला तर ती पावलं मोजली जाणार नाहीत, हा विचार आधी आला डोक्यात, म्हणजे बघा काय अवस्था आहे 😀

रातकिडा
मला पण दोन दिवस खुपलं होतं ते.

धागाकर्ता
आज फोन चार्जिंगला लावून पाऊण तास चालून आलो. आकडा ५१०० वरच अडकलाय. जाम खुपतंय.