मदत हवी आहे: ओळ टेबलात दिसते, पण शोधली की सापडत नाही

अबोली_२२ (धागाकर्ती)
नमस्कार. एका आंतरराष्ट्रीय संस्थेत डेटाबेस प्रशासनाची इंटर्नशिप करतेय, तिसरा आठवडा चालू आहे. जुन्या सर्व्हरवरचा डेटाबेस नव्या सर्व्हरवर आणायचं काम माझ्याकडे होतं. आणला, चालू झाला, लॉगमध्ये एकही एरर नाही. काल तपासणीच्या टीमकडून निरोप आला की काही दस्तऐवज क्रमांक टाकले की शून्य ओळी येतात. पूर्ण यादी काढली तर तोच क्रमांक डोळ्यांसमोर! तिथूनच कॉपी करून शोधला, तरी शून्य. मागेपुढे रिकामी जागा नाही, अदृश्य अक्षरं नाहीत, सगळं पाहून झालं. दोनदा रीस्टार्ट केलं. माझे मार्गदर्शक रजेवर आहेत आणि सोमवारी हा सर्व्हर सगळ्यांना खुला होणार आहे. प्लीज लवकर सांगा, काल रात्रभर झोप नाही.

पाणवठा
कुठला डेटाबेस? आवृत्ती कोणती? "आणला" म्हणजे नेमका कसा आणला?

कोरा_कागद
व्हॅक्यूम फुल मारा. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं, एका झटक्यात सुटलं.

माजी_ओरॅकलवाला
पोस्टग्रेस असणार. ओरॅकल क्रमवारीचे नियम स्वतःजवळ ठेवतो, ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागायला जात नाही. वीस वर्षं त्यावर काढली, असा प्रकार एकदाही पाहिला नाही.

अबोली_२२
हो, पोस्टग्रेस १३, दोन्हीकडे तीच आवृत्ती. बेसबॅकअप (सगळ्या फाइलींची जशीच्या तशी प्रत) घेऊन स्टँडबाय (राखीव सर्व्हर) उभा केला आणि मग त्याला प्रमोट केलं, म्हणजे मुख्य केलं. आता काय करू?

पाणवठा
आणि ऑपरेटिंग सिस्टिम? दोन्हीकडची सांगा. न सापडणारे क्रमांक दिसतात कसे? त्यात आडवी रेघ आहे का?

सांजवेळ
अवांतर: अशी इंटर्नशिप मिळते कशी? मी शेवटच्या वर्षाला आहे. पैसे देतात का?

अबोली_२२
जुना रेड हॅट ७, नवा रेड हॅट ९. क्रमांकात रेघ आहे, बहुतेक सगळ्यांच्याच. त्याने काय फरक पडतो?

पाणवठा
सगळा फरक त्यानेच पडलाय. मजकुराचा क्रम कसा लावायचा हे पोस्टग्रेस तुमच्या सेटिंगमध्ये लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीला विचारतो. रेड हॅट ७ मध्ये जीलिबसी २.१७ आहे, ९ मध्ये २.३४. मधल्या २.२८ या आवृत्तीत (२०१८) क्रमवारीचे नियम फार मोठ्या प्रमाणावर बदलले. टर्मिनलवर करून बघा: १-१ आणि ११ अशा दोन ओळी इंग्रजी अंकांत लिहा आणि सॉर्टला द्या. जुन्या मशिनवर ११ आधी येईल, नव्यावर १-१ आधी येईल.

तुम्ही फाइली जशाच्या तशा उचलल्या, म्हणजे इंडेक्स (शोध झटपट व्हावा म्हणून ठेवलेली क्रमवार सूची) जुन्या क्रमाने रचलेला आहे आणि त्यात शोधणारा नवा क्रम धरून चालतोय. तो चुकीच्या फांदीवर उतरतो आणि रिकाम्या हाताने परत येतो. ओळ मात्र टेबलात सुखरूप आहे. खात्रीसाठी त्याच सेशनमध्ये इंडेक्सस्कॅन, इंडेक्सओन्लीस्कॅन आणि बिटमॅपस्कॅन तिन्ही बंद करून तीच क्वेरी मारा, म्हणजे इंडेक्स न वापरता थेट टेबल वाचलं जाईल.

अबोली_२२
आली!! एक ओळ. तिन्ही परत चालू केले की शून्य, बंद केले की एक. चार वेळा करून पाहिलं. पण मग लॉगमध्ये काहीच कसं नाही?

पाणवठा
डेटाबेसच्या मूळ कोलेशनची (क्रमवारीच्या नियमांची) आवृत्ती नोंदून ठेवणं पोस्टग्रेस १५ पासून सुरू झालं. आता ती जुळली नाही तर इशारा येतो. १३ मुकाट्याने चालत राहतो. तुमचं लक्ष गेलं नाही असं मनात आणू नका, यात अनुभवी माणसंही फसली आहेत.

कोरा_कागद
म्हणजे माझा उपाय बरोबरच होता.

पाणवठा
व्हॅक्यूम फुलमध्ये इंडेक्स नव्याने बांधले जातात म्हणून तुमचं काम झालं. पण अख्खं टेबल पुन्हा लिहिलं जातं आणि तोवर त्याला पूर्ण कुलूप लागतं. इथे रीइंडेक्स (फक्त इंडेक्स नव्याने बांधणं) पुरतो. मजकुराच्या स्तंभांवरचे सगळे इंडेक्स घ्या, नुसता क्रमांकाचा नको.

घाटवाट
थांबा, लगेच रीइंडेक्स करू नका! नव्या सर्व्हरवर प्रमोट केल्यानंतर कोणी काही लिहिलं का? युनिक इंडेक्सही (एकच क्रमांक दोनदा येऊ न देणारा) याच चुकीच्या वाटेने तपासतो. असलेला क्रमांक त्याला "नाही" दिसतो आणि तो दुसरा घालू देतो.

अबोली_२२
तपासणीवाले दोन दिवस नोंदी टाकत होते. जुना सर्व्हर अजून चालू आहे, खरं काम तिथेच होतंय. आकार ९० जीबी.

घाटवाट
हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. मग मार्ग सोपा आहे. जुन्यावरून पीजीडंप (डेटा बाहेर उतरवून घेणारं साधन) वापरून डंप काढा आणि नव्यावर रिकाम्या डेटाबेसमध्ये चढवा. डंपमध्ये इंडेक्सची फक्त व्याख्या असते, त्यामुळे बांधणी नव्या नियमांनीच होते. ९० जीबीला रात्र पुरेल.

पाणवठा
रीइंडेक्स काही तासांत होईल. दुहेरी ओळी निघाल्या तर तो तिथेच अडेल आणि कुठल्या क्रमांकावर अडला तेही सांगेल.

घाटवाट
सांगेल, पण दोनपैकी खरी कोणती हे एका इंटर्नने एकटीने ठरवायचं? खरा डेटा जुन्यावर शाबूत असताना खराब प्रतीची डागडुजी कशाला?

पाणवठा
तपासणीच्या नोंदी टाकून द्यायच्या असतील तर मान्य, डंपच बरा.

माजी_ओरॅकलवाला
आयसीयू (क्रमवारीची वेगळी लायब्ररी) कोलेशन घ्या, म्हणजे लिनक्सशी संबंध सुटेल. पोस्टग्रेस १० पासून सोय आहे.

घाटवाट
आयसीयूच्याही आवृत्त्या बदलतात, तेव्हा पुन्हा हीच तपासणी करावी लागते. फ्रेंच, स्पॅनिश, अरबी शीर्षकं नीट लावायला ते चांगलं आहे. दस्तऐवज क्रमांकाच्या स्तंभाला मात्र "सी" कोलेशन द्या. तिथे बाइटनुसार क्रम लागतो, तो बदलत नाही. पण स्तंभाचा बदल सोमवारनंतर, मार्गदर्शकांशी बोलून.

कोरा_कागद
@सांजवेळ, संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते, राहण्याचा खर्च आपणच बघायचा. शेवटच्या वर्षाला असाल किंवा पदवीला एक वर्ष झालं नसेल तर अर्ज करता येतो. जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेत तांत्रिक विद्यार्थ्यांना ४ ते १२ महिने घेतात आणि मानधन देतात. भारत २०१७ पासून तिथे सहयोगी सदस्य आहे. डेटाबेसचं काम तिथे भरपूर आहे.

सांजवेळ
धन्यवाद! अर्जात नुसतं एसक्यूएल लिहिलं तर चालेल?

कोरा_कागद
बॅकअप घेऊन तो स्वतः परत चढवून पाहिलाय, असं लिहिता आलं तर जास्त वजन पडेल.

अबोली_२२
रात्री डंप चढवला. तिन्ही स्कॅन चालू ठेवून कालचे सगळे क्रमांक शोधले, सगळे सापडले. जुन्या आणि नव्यातल्या ओळींची संख्या टेबलागणिक जुळवली, जुळली. एमचेक लावून इंडेक्सही तपासले, स्वच्छ आहेत. खराब प्रत अजून ठेवली आहे. तिच्यात स्कॅन बंद करून शोधलं तर सात क्रमांक दोनदा निघाले, युनिक असूनही. घाटवाट, तुम्ही थांबवलं नसतं तर हे सोमवारनंतर खऱ्या डेटात झालं असतं. मार्गदर्शकांना सगळं लिहून पाठवलंय, न सापडणारी क्वेरी आणि तिची दोन्ही उत्तरं जोडून. पाणवठा, घाटवाट, मनापासून आभार. आता झोपते.