मदत हवी आहे: टायमिंग बेल्ट दोन आलेत, दात वेगळे, कुठला बसवू?

मंडळी, गाडी जुनी आहे, पेट्रोल, चार सिलिंडर, वर एकच कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा). टायमिंग बेल्ट (इंजिनचा मुख्य दांडा क्रँक आणि कॅम यांना जोडणारा दातेरी पट्टा) शेवटचा कधी बदलला याची कुठे नोंदच नाही, त्यामुळे म्हटलं उगाच रिस्क नको, बदलूनच टाकू. कव्हर उघडलं तर बेल्टच्या पाठीवर बारीक भेगा, एका कडेचे धागे सुटलेले, आणि खाली क्रँकच्या बाजूला ऑइलचा काळा चिकट थर. पुल्यांवरच्या खुणा जुळवून बेल्ट काढला, त्यावरचा नंबर पार पुसलाय. दात मोजले तर १११, रुंदी २५ मिमी. आता जे दोन नवे आलेत ते दोन्ही १११ दाती आणि २५ मिमीच, पण एकाचे दात वरून चपटे, बाजू तिरक्या आणि दुसऱ्याचे गोलसर. पार्टवाला म्हणतो कुठलाही टाका, चालतो. मला पटत नाहीये. आणि अजून एक, बेल्ट निघाल्या निघाल्या कॅमची पुली आपोआप थोडी सरकली, खूण हलली, आता ती परत फिरवली तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागतील का?

प्रतिसाद १:
पार्टवाल्याचं ऐकू नका. दात मोजून आणि रुंदी मापून काम अर्धंच होतं, दाताचा आकार आणि दोन दातांमधलं अंतर पुलीशी जुळायलाच हवं. चपटा दात गोल खाचेत बसल्यासारखा वाटतो, पण लोड सगळा दाताच्या एका कोपऱ्यावर येतो आणि दात मुळापासून सोलून निघतात. क्रँकची छोटी पुली स्वच्छ पुसा, खाच बघा, बेल्ट अर्ध्या पुलीला गुंडाळून उजेडासमोर धरा, फट दिसता कामा नये. तरी फायनल इंजिन नंबरवरूनच पार्ट नंबर काढा, एकाच मॉडेलला मधल्या वर्षांत पुल्या बदललेल्या असतात. गेट्स, कॉन्टिटेक, डेको यांच्या कॅटलॉगमध्ये सापडेल.

कॅम सरकला तो व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या दाबाने, घाबरू नका. थोडासाच असेल तर पान्याने हळू परत आणा. जास्त फिरवायचा असेल तर आधी क्रँक पाव फेरा मागे घ्या, म्हणजे चारही पिस्टन मध्यावर येतात आणि काही लागत नाही. कॅम खुणेवर आला की क्रँक परत खुणेवर.

प्रतिसाद २:
ऑइल कुठून येतंय ते आधी बघा हो!! क्रँक सील किंवा कॅम सील (दांड्याभोवती ऑइल अडवणारी रबरी कडी) गळत असेल तर नवा बेल्टही तसाच फुगणार. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि आयडलर (बेल्टला वाट देणारी मोकळी पुली) बोटाने फिरवून बघा, खरखर आली तर विचारच नको, आणि खरं तर एवढं उघडलंच आहे तर न येताही बदला. वॉटर पंप याच बेल्टवर फिरत असेल तर तोही.

धागाकर्ता:
गोल दातवालाच निघाला, इंजिन नंबरवरूनही तोच आला, धन्यवाद. गळती क्रँक सीलची होती, सील, टेन्शनर, पंप सगळं नवं टाकलं. बेल्ट बसवून क्रँकचे दोन फेरे हाताने फिरवले, पुल्यांच्या खुणा बरोब्बर जुळल्या पण बेल्टवरच्या पांढऱ्या रेघा भलतीकडेच गेल्या! दात सुटला का?

प्रतिसाद १:
नाही. त्या रेघा फक्त पहिल्यांदा बसवण्यापुरत्या. क्रँकच्या पुलीला समजा २० दात असतील तर दोन फेऱ्यांत बेल्ट ४० दात पुढे जातो, १११ पूर्ण होऊन रेघ जागेवर यायला बराच वेळ लागतो. पुल्यांच्या खुणा बघा, बस. एक दात चुकला असता तर क्रँकवर १८ अंशांचा फरक पडला असता, तो डोळ्याला दिसतोच.

आता टेन्शन. आधी टेन्शनर नसलेल्या बाजूचा बेल्ट ताणलेला हवा, सगळा ढिलेपणा टेन्शनरच्या बाजूला यायला हवा, मगच टेन्शनर सोडा. स्प्रिंगवाला असेल तर परत दोन फेरे फिरवून मग बोल्ट आवळा, टॉर्क (आवळायचा जोर) मॅन्युअलमधला. जास्त ताणलात तर चालू झाल्यावर शिट्टीसारखा आवाज येईल. स्पार्क प्लग काढून फिरवा, हलकं जातं, आणि फिरवताना मध्येच अडलं तर जोर न लावता तिथेच थांबा, खुणा परत तपासा. त्याआधी स्टार्टर मारू नका.

धागाकर्ता:
प्लग काढलेलेच आहेत. टेन्शनर स्प्रिंगवालाच आहे, मॅन्युअल शोधून टॉर्क बघतो आणि मग आवळतो.