मदत हवी आहे : नसबंदीनंतर तीन महिने थांबण्याचे नेमके कारण काय?

नमस्कार. पेडणे तालुक्यातील आमच्या वाड्यावर पुरुष नसबंदीविषयी मराठीतून माहिती देण्याचे काम माझ्याकडे आले आहे (मी जीवशास्त्राचा पदवीधर आहे, डॉक्टर नव्हे). वीर्यात शुक्रजंतूंचा वाटा जेमतेम 2 ते 5 टक्के असतो व उरलेला द्रव मुख्यतः शुक्राशय आणि पुरःस्थ ग्रंथीतून (प्रोस्टेट) येतो, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर वीर्याचे प्रमाण फारसे घटत नाही. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक तर थेट रक्तात मिसळते, इतके मी समजावू शकतो.

अडचण पुढे आहे. सुमारे तीन महिने दुसरे गर्भनिरोधक वापरून मग वीर्यतपासणी करावी, या सल्ल्याचे कारण म्हणून शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे 74 दिवस लागतात, असे एका टिपणात वाचले. परंतु ती निर्मिती शुक्रवाहिनी (शुक्रजंतू वाहून नेणारी नळी) जिथे कापतात त्या छेदाच्या अलीकडे, वृषणात होते. धोका असतो तो छेदापलीकडील शुक्रवाहिनीत आधीच साठलेल्या शुक्रजंतूंचा. पाठ्यपुस्तके चाळली, एका परिचारिकेलाही विचारले, पण ‘तसा नियमच आहे’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही. औषधोपचाराचा सल्ला मला नको आहे, केवळ शरीरक्रिया समजून घ्यायची आहे. तर हा कालावधी दिवसांवर ठरतो की वीर्यस्खलनांच्या संख्येवर, आणि त्या 74 दिवसांचा त्याच्याशी खरोखर काही संबंध आहे का?