बसलेनचा दंड: भरायचा की हरकत घ्यायची?

निखिल (लंडन): सर्वांना नमस्कार. आमच्या बरो कौन्सिलची (इथल्या स्थानिक पालिकेची) बसलेनच्या, म्हणजे बसेससाठी राखीव लेनमध्ये गाडी नेल्याच्या, दंडाची नोटीस टपालाने आली आहे. दंड १६० पाउंड असून १४ दिवसांत भरल्यास ८० पाउंडांवर भागते. फुटेज पाहिले. गाडी जाड पांढरी रेषा ओलांडताना स्पष्ट दिसते, कोपऱ्यात सायंकाळचे ६:४१ अशी वेळही आहे. मात्र लेन कोणत्या वेळेत राखीव आहे हे सांगणारी, तिच्या तोंडाशी असलेली निळी पाटी झाडाच्या फांदीआड पूर्ण झाकली गेली आहे. ८० भरून मोकळे व्हावे, असे वृषालीचे मत आहे.

सुधीरकाका (पुणे): एवढी घाई कशासाठी? आमच्याकडे ई-चलान साठले की लोक लोकअदालतीची वाट पाहतात आणि तिथे तडजोड करून मोकळे होतात.

मेघना (लंडन): काका, तिकडे ते खपते, इथे अंगाशी येईल. नोटिशीला मुदतीत उत्तर दिले नाही, तर रक्कम निम्म्याने वाढून २४० होते आणि पुढे प्रकरण वसुलीसाठी बेलिफांकडे जाऊ शकते. निखिल, लेखी हरकतीसाठी २८ दिवस असतात, पण तू ती पहिल्या १४ दिवसांतच पाठव, कारण तशी पाठवली तर हरकत फेटाळतानाही बहुतेक कौन्सिला सवलतीची रक्कम पुन्हा देऊ करतात.

निखिल: ताई, कॅमेऱ्यात सगळे दिसत असताना हरकतीत लिहायचे तरी काय?

मेघना: गाडी लेनमध्ये नव्हती, असे अजिबात लिहू नकोस; त्यावर वाद घालणे म्हणजे दंड ओढवून घेणे. फुटेजवरून गाडी तिथे होती एवढेच सिद्ध होते. लेन कोणत्या वेळेत बसेससाठी राखीव आहे हे चालकाला नीट कळेल अशी चिन्हे होती का, हे त्यातून सिद्ध होत नाही, आणि ती व्यवस्था ठेवणे ही कौन्सिलची जबाबदारी आहे. म्हणून चालकाच्या नजरेच्या उंचीवरून, गाडी येते त्या दिशेने पाटीचे फोटो काढ, आणि आधीच्या चौकापासून पुढे दुसरी पाटी आहे का तेही तपास. दुसरी पाटी स्वच्छ दिसत असेल, तर मात्र वृषालीचे म्हणणे बरोबर आहे, ८० भर. घाई होती, मुले रडत होती, असली कारणे लिहू नकोस. ती वाचणाऱ्याला रोजची असतात.

सुधीरकाका: आणि कौन्सिलने ऐकले नाही तर?

मेघना: नकाराचे पत्र आल्यावर पुढच्या २८ दिवसांत लंडन ट्रायब्युनल्सकडे अपील करता येते. ते विनामूल्य आहे आणि निर्णय कौन्सिलबाहेरचा स्वतंत्र अधिकारी देतो. तिथे जाताना सवलत मात्र बहुधा हातची जाते, म्हणजे डाव ८० विरुद्ध १६० चा आहे. फोटो भक्कम असतील तर मी हा डाव खेळेन. शिवाय हा दिवाणी स्वरूपाचा दंड आहे, त्यामुळे परवान्यावर नियमभंगाचे पॉइंट लागत नाहीत.

निखिल: गाडीची नोंदणी वृषालीच्या नावावर आहे.

मेघना: मग हरकत तिच्याच नावाने जाऊ दे, कारण नोटीस नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्याला येते, गाडी कोण चालवत होते हे तिथे दुय्यम असते. आणि फोटो उद्याच काढ. कौन्सिलने फांदी छाटली की पुरावाही तिच्याबरोबर गेला.

सुधीरकाका: मसुदा झाला की इथे टाक रे. त्यातली विशेषणे काढायचे काम माझ्याकडे.