जॅराचा टेबलटॉप: रंध्याखाली रेषा उचकटतात, स्क्रूभोवती काळं पडतं

प्रश्न: जॅराच्या (पश्चिम ऑस्ट्रेलियातली निलगिरी, युकॅलिप्टस मार्जिनाटा) जुन्या, पूर्ण वाळलेल्या २५ मिमी फळ्यांपासून १५०० × ६०० मिमी टॉप करायचा आहे. रंधा मारताना पट्ट्यापट्ट्यांनी खपल्या निघतात. चाचणीच्या तुकड्यात लोखंडी स्क्रूभोवती काळे डाग आले. टॉप खालच्या चौकटीला कसा बसवावा?

उत्तर १: जॅराच्या रेषा (लाकडाचे तंतू) एकमेकींत गुंतलेल्या असतात. एक पट्टा सुलटा, शेजारचा उलटा, म्हणून फळी फिरवून उपयोग नाही. कापाचा कोन वाढवा: ४५ अंशी रंध्याच्या पात्याला सपाट बाजूने १५ अंशांची बारीक धार द्या, म्हणजे कोन ६० होतो. काप अगदी पातळ घ्या आणि शेवटचा हात स्क्रेपरचा (लाकूड खरवडायची पातळ पोलादी पट्टी). जुन्या फळीत तुटलेले खिळे हमखास असतात. आधी चुंबक फिरवा, नाहीतर पातं गेलंच.

काळे डाग म्हणजे लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य), लोखंड आणि ओल यांची क्रिया. स्टेनलेस स्क्रू वापरा, स्टील वूल टाळा. पडलेला डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या द्रावणाने निघतो. हातमोजे घाला, नंतर भरपूर पाण्याने पुसून घ्या. स्क्रूसाठी आधी भोक पाडाच. तसं न केल्यास टोकाजवळ फळी चिरते किंवा स्क्रूची मान तुटते.

उत्तर २: टॉप चौकटीला चिकटवू नका. आडव्या कापाची फळी (जिच्यात झाडाची वलयं रुंद बाजूला जवळपास समांतर असतात) ओलाव्याच्या दर १ टक्का बदलाला रुंदीत साधारण ०.३ टक्के हलते. ६०० मिमीवर ४ टक्के बदल म्हणजे सुमारे ७ मिमी. मधला स्क्रू घट्ट, कडेचे रुंदीच्या दिशेने लांबट भोकांत, खाली वॉशर. वजनही धरा: घनता सुमारे ८२० किलो प्रति घनमीटर, म्हणजे टॉप साधारण १८ किलोचा. बारीक पायांवर तो डुलेल.

फळ्या जोडताना कडा त्याच दिवशी रंधून लगेच सरस लावा. जुनी पडलेली कड नीट धरत नाही. क्लॅम्प जेमतेम घट्ट, इतका आवळू नका की सरस सगळा बाहेर येईल.

उत्तर ३: लाल-काळ्या डिंकाच्या शिरा दिसतील, त्यातले पोकळ कप्पे टोकरून इपॉक्सीने भरा. सुरुवातीचे काही आठवडे टॉपवर काही ठेवू नका. उजेडाने लाली तपकिरीकडे झुकते आणि झाकलेला भाग फिका राहतो.